तुम्ही फक्त रडा

त्या गुरुवारी नवापूरला मशिदीमागच्या गल्लीत सांगण्यासारखं काहीच घडलं नाही. नळाला पाणी वेळेवर आलं, हीच काय ती बातमी. अख्तरबानो ओसरीत पाय पसरून एका लग्नाच्या गादीला टाके घालत बसली होती. तिची मुलगी अतिका तिच्याच शेजारी, पण तिच्याकडे पाठ करून, मांडीवर लॅपटॉप घेऊन नववीच्या वर्गासाठी पाठ तयार करत होती. पाठाचं नाव होतं, ‘संधी ओळखा’.

अतिकाचं काम सांगायला जरा लांबलचक होतं. गावातल्या हायस्कुलात ती ‘उद्योजकता व तंत्रज्ञान कौशल्य’ हा विषय शिकवायची. नोकरी मात्र शाळेची नव्हती. ती पुण्याच्या एका संस्थेची होती आणि दर अकरा महिन्यांनी संपून पुन्हा सुरू व्हायची. म्हणजे जिची स्वतःची खुर्ची कायम नव्हती, ती बाई पोरांना सांगायची की नोकरीच्या मागे लागू नका. पोरं मन लावून ऐकायची आणि घरी जाऊन पोलीस भरतीसाठी पळायची.

अख्तरबानोचा धंदा पिढीजात, गाद्या-रजयांचा. नवरा गेल्यावर दुकान थोरला इद्रिस बघायचा, टाके ती घालायची. पण गल्लीत तिचं नाव होतं ते दुसऱ्याच कामासाठी. कोणाच्या घरातली बाई वारली की पहिलं बोलावणं मौलवींना जायचं आणि दुसरं अख्तरबानोला. मयताला आंघोळ घालायला चार बायका कुठूनही मिळत. कफनाचा कपडा बाईच्या मापाने कापणं मात्र तिच्याशिवाय कोणाला जमत नव्हतं. पुरुषाला तीन कपडे लागतात, बाईला पाच. या कामाचे पैसे घ्यायचे नसतात. ती तर त्या घरचा चहासुद्धा घेत नसे. सवय मात्र अशी जडली होती की लग्नाच्या मांडवातही ती एखादीकडे वरपासून खालपर्यंत बघायला लागली, की ती बाई ओढणी सावरत दुसऱ्या रांगेत जाऊन बसायची.

“अतू, आज टाइम शे का तुले?” अख्तरबानोने सुईत दोरा ओवत विचारलं. घरात ती हिंदी बोलायची, पण काही मागायचं असलं की गल्लीतली अहिराणी तिच्या तोंडात यायची.

“कशाला?”

“कसाले म्हनी इचारस! कपडा शे, कैची शे, मी शे. एकडाव शिकी ले, मंग मी तुले कधी बोलाव्हाऊ नही.”

“अम्मी, उद्या तपासणीला माणसं येणार आहेत.”

“तुन्ही तपासनी हर हप्ताले ऱ्हास.”

“पुढच्या रविवारी. नक्की.”

“पुढला रविवार!” अख्तरबानोने दातांनी दोरा तोडला. “मंग मौतले बी तुले इचारीसन येनं पडी. अतिका मॅडमनी तारीख दी, का मंग ये म्हनो.”

अतिका हसली. “आता सगळं यूट्यूबवर असतं, अम्मी.”

“मंग यूट्यूबलेच अम्मी म्हनजो.”

त्यावर दोघीही हसल्या. हे संभाषण त्यांच्यात गेली काही वर्षं चालू होतं, आणि शब्द बदलले तरी त्याचा शेवट पुढच्या रविवारीच व्हायचा. संध्याकाळी खिचडीत मीठ जास्त झालं म्हणून अख्तरबानोने सुनेला ऐकवलं, सुनेने ते ऐकलं नाही असं दाखवलं, आणि सगळे वेळेवर झोपले.

सकाळी फजरच्या नमाजेला अख्तरबानो उठली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच. लोक म्हणाले, चांगली मौत. त्यातून शुक्रवार. जुम्म्याच्या दिवशी जाणं नशिबात असावं लागतं. दुपारच्या नमाजेला सगळी जमात मशिदीत असते, तिच्यानंतर लगेच जनाजा निघाला तर याहून मोठा मान नाही. इद्रिसने तेच ठरवलं. रडता रडता त्याने कफनासाठी पांढऱ्या लठ्ठ्याचा गठ्ठा आणून आतल्या खोलीत बायकांपुढे ठेवला.

बायकांनी गठ्ठ्याकडे पाहिलं, मग एकमेकींकडे पाहिलं. आजवर अशा वेळी कोणाकडे बघायचं हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती समोरच होती, पण झोपलेली.

“अतिका, तुला येत असेल ना?” शेजारची नसीमभाभी म्हणाली. “तू तर सगळ्यांना शिकवतेस.”

अतिकाने पुस्तकांत शेकडो मरणं वाचली होती. मोठ्या मोठ्या लेखकांनी लिहिलेली, पानंच्या पानं. त्यांतल्या एकाही पुस्तकात कपडा कुठून कापायला सुरुवात करायची ते नव्हतं. तिने मोबाइल काढला. ‘कफन काटने का आसान तरीका’. आधी जाहिरात लागली. एक गुळगुळीत दाढीचा तरुण म्हणत होता, घरबसल्या स्वतःचा ब्रँड उभा करा. ती पाच सेकंद पुढे सरकवता येत नव्हती. खोलीतल्या सगळ्या बायकांनी ओढणीने डोळे पुसत ती ऐकून घेतली.

मग व्हिडिओ लागला. त्यातला माणूस फार छान समजावून सांगत होता. तीन कपडे, असा, असा आणि असा. बाईला पाच लागतात हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. अतिकाला तर वर्षानुवर्षं माहीत होतं. पण पडद्यावरचा माणूस इतक्या खात्रीने तीन म्हणत होता की कोणाच्या तोंडून शब्द निघेना. बायका अतिकाकडे बघत होत्या, अतिका पडद्याकडे. नसीमभाभीने कैची चालवली. काम अगदी नीटनेटकं झालं.

तेवढ्यात उच्छलहून खाला आली, अख्तरबानोची लांबची बहीण. दारातच ओरडून रडली, आत आली, कपड्यांवर हात फिरवला आणि रडायची थांबली.

“ये तो मर्द का है री.”

नसीमभाभीने कैची खाली ठेवली.

“अख्तर का कफन, और मर्द का?” खाला खालीच बसली. “सारे गाँव को बराबर नाप का पहनाया उसने.”

उरलेला कपडा पुरणार नव्हता. शुक्रवारी कापडबाजार बंद. नसीमभाभीचा मुलगा तौहिद, अतिकाच्याच वर्गातला, सायकल घेऊन चुनीलाल शेठच्या घरी पळाला. शेठ जेवायला बसले होते. ते हात धुऊन उठले, मागच्या दाराने दुकान उघडलं, कपडा दिला आणि अख्तरबेनसाठी म्हणून वरून कापराची पुडी दिली. पण तो घरी येऊन खालाने पाच कपडे कापेपर्यंत मशिदीतली नमाज होऊन माणसं पांगली होती. कोणाला दुकान उघडायचं होतं, कोणाला सुरतेची गाडी धरायची होती. अख्तरबानोचा जनाजा दिवस कलताना, असरच्या नमाजेनंतर निघाला, मोजक्या लोकांच्या खांद्यावरून.

तिसऱ्या दिवशी जियारतीची दुआ झाल्यावर, पाहुणे उठून गेल्यावर इद्रिस म्हणाला, “आख्ख्या तालुक्याच्या पोरांना कौशल्य शिकवते. घरातलं एक शिकली असती तर अम्मीचा जुम्मा चुकला नसता.”

“वेळच मिळाला नाही, भाई,” अतिका म्हणाली.

ते खरं नव्हतं. पण त्या वाक्याची एक सोय होती, त्याच्या पुढे कोणी प्रश्न विचारत नसे. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या पोरीला वेळ मिळत नाही हे गल्लीला पटत होतं, नसीमभाभीला पटत होतं, शाळेतल्या सहकाऱ्यांना तर फारच पटत होतं. अतिकाने ते वाक्य इतक्या जणांना दिलं की ते गुळगुळीत झालं. खरं कारण तिने कोणाला सांगितलं नव्हतं. ज्या एका माणसाला सांगायला हवं होतं ते आता ऐकणार नव्हतं, आणि बाकीच्यांशी त्याचा संबंध नव्हता. निदान ती स्वतःला तसं सांगत होती. या सगळ्यात ती एकदाही रडली नाही. मुख्याध्यापक रूपचंद सर भेटायला आले तेव्हा म्हणाले, “मॅडम, तुमचा खंबीरपणा घेण्यासारखा आहे,” आणि जाताना हळूच विचारलं की नंदुरबारच्या प्रदर्शनाची नावं कधीपर्यंत द्यायची.

जिल्ह्याचं प्रदर्शन जानेवारीत होतं. प्रत्येक शाळेने मुलांचा एक उद्योग न्यायचा. त्याची रीत ठरलेली होती. आधी आपल्या परिसरातली खरी समस्या शोधायची, मग तिच्यावर उपाय, मग नमुना, मग मांडणी. या जिल्ह्यात समस्यांना तोटा नाही. धडगावकडे जीप दरीत वाकून बघत जाते, कुठे दवाखाना लांब, कुठे नेटवर्कसाठी टेकडी चढावी लागते. पण दर वर्षी पोरांनी कोणतीही समस्या शोधली तरी तिच्यावरचा उपाय म्हणून शेवटी नागलीचा पापडच निघायचा. गेल्या वर्षी पापडाला दुसरं बक्षीस होतं. त्यामुळे यंदा वर्गातल्या सात गटांपैकी पाचांनी पापड धरला होता, एकाने मोहफुलाचे लाडू.

सातवा गट तिघांचा होता. तौहिद, चिंचपाड्याकडून रोज बसने येणारी सुसाना आणि शेतकऱ्याचा मुलगा हेमराज. ते फळ्यापुढे आले तेव्हा तौहिदने अतिकाकडे बघायचं टाळलं. सुसानाने चित्र लावलं. मोबाइलचा पडदा, त्यावर तीन बटणं आणि वर मोठ्या अक्षरांत नाव, ‘एकच फोन’.

“समस्या,” सुसानाने घसा साफ केला. “आपल्या गावात कोणी वारलं की घरचे रडायचं सोडून सामान शोधत पळतात. कोणाला बांबू मिळत नाही, कोणाला पेटी करणारे सुतार भेटत नाहीत, कोणाला...” ती थांबली. “कोणाला कपडा. आमच्या अॅपवर आपला समाज निवडायचा. हिंदू, ख्रिस्ती, मुस्लिम. पुढचं सगळं आम्ही घरपोच आणू. माणसंपण.”

“आमच्याकडे बाजावालेपण लागतात,” मागून एक पोरगा ओरडला.

“घेतलेत,” हेमराज गंभीरपणे म्हणाला. “पण डेपोझिट ठेवून. पिऊन येतात.”

“आणि हे आमचं घोषवाक्य.” सुसानाने कागद उलटला.

तुम्ही फक्त रडा. बाकी आमच्यावर सोडा.

वर्गात हशा फुटला. पापडवाले बाकांवर हात आपटून हसत होते. एकाने विचारलं की होळीला सवलत आहे का. दुसऱ्याने पुस्तकातलाच प्रश्न काढला, ‘ग्राहक पुन्हा पुन्हा यावा म्हणून तुम्ही काय कराल?’

“तो नाही येत,” हेमराज म्हणाला. “घरचे येतात.”

सगळ्यांना वाटलं मॅडम रागावणार. अतिका उठून फळ्याजवळ गेली. घोषवाक्य तिने दोनदा वाचलं.

“मुस्लिमचं बटण हिरवं आणि ख्रिस्तीचं पांढरं केलंय. पांढरं बटण पांढऱ्या पडद्यावर दिसत नाही,” ती म्हणाली. “रंग बदला.”

रूपचंद सरांनी मात्र तिला बोलावून घेतलं. “मॅडम, पापडात काय वाईट आहे?”

“काहीच नाही, सर.”

“प्रदर्शनाचं उद्घाटन करायला मोठी माणसं येतात. त्यांच्यापुढे तिरडी नेणार? अशुभ दिसतं ते. बक्षीस द्यायला आलेला माणूस घाबरून घरी जाईल.”

“अॅप आहे सर. तिरडी न्यायची नाही.”

“तुमच्या घरी नुकतंच...” सर चाचरले. “म्हणून पोरांना हे सुचलं. तुम्हीच नाही म्हणा ना, म्हणजे प्रश्न मिटेल.”

पण प्रश्न मिटला नाही, कारण पुण्याहून दर पंधरवड्याला होणारी ऑनलाइन बैठक त्याच दुपारी होती. पडद्यावरच्या समन्वयक बाईंनी पाच पापड निमूट ऐकले आणि ‘एकच फोन’ ऐकताच खुर्चीत पुढे सरकल्या. “वा! किती ऑथेंटिक! डेथ केअर हे जगभर वाढणारं क्षेत्र आहे. या तिघांना नक्की पुढे नेऊ या. फक्त ग्राहकाच्या मुलाखती जोडा. गेल्या काही महिन्यांत ज्यांच्या घरी सेवेची गरज पडली, अशा एकाने तरी सविस्तर बोललं पाहिजे. मुलाखत नसेल तर नंदुरबारला घेता येणार नाही, नियम आहे.” रूपचंद सर बाजूला बसून हे ऐकत होते. त्यांना डेथ केअर म्हणजे काय ते कळलं नाही, पण पुण्याच्या बाईंना आवडलंय एवढं कळलं, आणि त्यांचं अशुभ तिथेच शुभ झालं.

पोरं ग्राहक शोधत हिंडू लागली. ते काही सोपं नव्हतं. हेमराज एका घरी गेला, तर त्या दिवशी तिथे तेरावं होतं. त्याला पंगतीला बसवलं, दोनदा लाडू वाढला, आणि त्याने प्रश्न काढताच घरातल्या आजोबांनी कान धरून त्याला बाहेर काढलं. सुसानाला पास्टरांनी सांगितलं की प्रार्थनेनंतर लोकांना विचार, आणि लोक प्रार्थनेनंतर थांबलेच नाहीत. तिघं मिळून स्टेशनजवळ राहणाऱ्या रूपलीबाईकडे गेले. तिचा दीर गेल्याचं कोणीतरी सांगितलं होतं. म्हातारी खाटेवर बसली होती. तिने मोबाइलवरची तीन बटणं पाहिली, ‘घरपोच’ हा शब्द ऐकला आणि काठी उचलली.

“मन्हासाठे ऊनात का रे? कोणी धाडं तुमले, सूननी का? आजून जित्ती शे मी!”

अतिकाला हे सगळं तौहिदने संगणकाच्या खोलीत उभं राहून सांगितलं. ऐकताना तिला हसू आलं, आणि आईला सांगायला हवं असं वाटून ते तिथेच थांबलं. अख्तरबानोने रूपलीबाईची नक्कल महिनाभर केली असती.

“मग आता?” तिने विचारलं.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. हेमराजने तौहिदला कोपराने ढोसलं, तौहिदने सुसानाला.

“मॅडम,” सुसाना म्हणाली, “आमच्या ग्राहक तुम्ही आहात.”

अतिकाने समोरचा लॅपटॉप मिटला.

“मी तुमची मार्गदर्शक आहे. मी चालणार नाही.”

“नियमात तसं नाहीये, मॅडम. आम्ही बघितलं.” तौहिदची नजर खाली होती. “नसेल जमत तर राहू दे. आम्ही पापड करतो.”

पापड हा शब्द त्याने असा उच्चारला की अतिकाला त्या पोरांची दया आली. नकार द्यायला तिच्याकडे चांगली कारणं होती, पण ती तिने वापरली नाहीत. तिने खुर्ची ओढली.

“विचारा,” ती म्हणाली.

मुलाखत कशी घ्यायची हे तिनेच त्यांना शिकवलं होतं, आणि दुर्दैवाने ते चांगलं शिकले होते. हो-नाहीत संपेल असा प्रश्न विचारायचा नाही. उत्तर आलं की ‘का’ विचारायचं, पुन्हा ‘का’ विचारायचं. ग्राहक गप्प झाला तर आपण बोलून ती जागा भरायची नाही, वाट बघायची. हेमराजने मोबाइल टेबलावर उभा करून ध्वनिमुद्रण सुरू केलं. तौहिद लिहायला बसला. सुसाना समोर बसली, वेणी पाठीवर टाकून, एकदम मोठ्या बाईसारखी.

“तुमच्या घरी गरज पडली तो दिवस कसा गेला, ते सांगा.”

अतिकाने सांगितलं. सकाळ, डॉक्टर, फोन, पाहुणे. अहवाल वाचावा तसं, क्रमाने. तौहिदची पेन्सिल मागे पडली नाही.

“त्या दिवशी सगळ्यात मोठी अडचण कोणती आली?”

“कपडा चुकीचा कापला गेला. उशीर झाला. जुम्म्याची जमात चुकली.”

“का चुकीचा कापला गेला?”

“आम्ही व्हिडिओ बघून कापला. तो पुरुषाचा होता.”

“व्हिडिओ का बघावा लागला?”

“गल्लीत कोणाला येत नव्हतं.”

“का येत नव्हतं?”

“जिला येत होतं, तीच गेली होती.”

सुसानाने मान खाली घालून पुढचा प्रश्न विचारला. तो कागदावर लिहिलेला नव्हता. “त्यांनी कोणाला शिकवलं का नाही, मॅडम?”

“शिकवायला तयार होती. मला शिकवायला.” अतिकाचा आवाज नेहमीसारखाच होता. “मला वेळ मिळाला नाही.”

ते वाक्य पुन्हा एकदा कामाला आलं होतं. आता पुढचा प्रश्न किमतीबद्दलचा असायला हवा होता, ही सेवा विकत घ्याल का, किती द्याल. सुसानाने कागद उलटलाही. पण तौहिदने पेन्सिल खाली ठेवली.

“मॅडम, रविवारी तर तुम्ही घरीच असायच्या,” तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात दोष नव्हता. मुलाखतीत दोन गोष्टी जुळत नसतील तर विचारायचं असतं, तेवढंच होतं. “आमच्या गच्चीवरून दिसायचं. तुम्ही पुस्तक वाचत बसायच्या आणि अख्तरखाला दारात उभ्या असायच्या. अम्मी म्हणायची, बघ, आजपण उभी आहे.”

“तौहिद,” सुसाना कुजबुजली.

“ते कापून टाकू,” हेमराजने मोबाइलकडे हात नेला.

“राहू दे,” अतिका म्हणाली.

मग ती काही बोलली नाही, आणि ते तिघंही बोलले नाहीत. बाहेर मैदानात कबड्डीचा तास चालू होता, कोणीतरी बाद झाल्यावरून भांडण लागलं होतं. अतिकाला वाटलं, यांच्यातलं एक तरी बोलेल, चुळबूळ करेल, घंटा होईल. इतक्या वर्षांत तिच्या एका तरी विद्यार्थ्याने शिकवल्याप्रमाणे वागावं अशी तिची इच्छा होती, आणि ती नेमकी आज, तिघांच्या रूपाने एकदम पूर्ण होत होती. सुसाना नुसती बघत होती. तौहिदचे डोळे भरले होते, पण तोही गप्प होता.

अतिकाने टेबलावरचा मोबाइल हळूच आपल्याकडे वळवला.

“वेळ होता,” ती म्हणाली. “हवा तेवढा होता. ती दर रविवारी कपडा आणि कैची घेऊन उभी राहायची आणि मी पान उलटायचे. भाईला मी खोटं सांगितलं. तुझ्या आईलाही, तौहिद. मला शिकायचंच नव्हतं.”

“का?” सुसानाने विचारलं. अगदी हळू, पण विचारलं.

“कारण मला वाटायचं, मला येत नाही तोवर ती जाऊ शकत नाही. इतकं काम बाकी ठेवून माणूस जातं का? मी एम.ए. केलंय, आणि मला असं वाटायचं.” मग ती मोबाइलकडे बघून बोलू लागली, पण पोरांशी नव्हे, आणि पुण्याच्या बाईंशीही नव्हे. घरातल्या भाषेतही नाही. काही मागायचं असलं की अख्तरबानो ज्या बोलीत मागायची, त्या बोलीत.

“अम्मी, मी शिकी लेती, ते पहिलं तुन्हंच कफन कापनं पडतं. मन्हा हातखाल तुन्हं माप नको व्हतं माले. तू जाऊ नको, इतलंच म्हननं व्हतं. बाकी कायबी नही.”